एक जूनच्या तिर्र्या

बकुळ दुपारी झोपते ती साधारण चाळीस मिनिटं. त्यातली पहिली पाच ती खरंच झोपली का हे बघण्यात जातात आणि शेवटची पाच ती आता उठणार या धास्तीत. उरलेल्या तीस मिनिटांत बाई काय काय करू शकते? डबे पुसू शकते, केस धुऊ शकते, नाहीतर स्वतःचं कर्म तपासू शकते. डबे पुसून झाले होते. केस धुवायला पाणी यायचा दिवस नव्हता.

तपासायला कारणही होतं. वाळूजच्या ज्या औषध कंपनीत मी क्वालिटीत काम करते, तिथून मेल आली होती. एक एप्रिलला रुजू होणार की नाही ते वीस मार्चपर्यंत कळवा, न कळवल्यास जागा भरली जाईल. बकुळ अकरा महिन्यांची. तिला दिवसभर ठेवायचं कुणाकडं? घरात सासूबाई होत्या. बाळंतपणाला म्हणून फुलंब्रीहून आल्या त्या राहिल्या. पण 'राहिल्या' आणि 'सांभाळतील' यांच्या मधे एक प्रश्न उभा असतो आणि तो विचारायची माझी हिंमत होत नव्हती. त्या नाही म्हणाल्या असत्या तर पंचाईत, आणि मनात नसताना हो म्हणाल्या असत्या तर जन्माची पंचाईत.

इंद्रजीतला विचारलं. इंद्रजीत म्हणजे माझा नवरा. तो म्हणाला, "तू ठरवशील ते." हे वाक्य ऐकायला फार उदार वाटतं. पण ते म्हणणारा माणूस पुढच्या वीस वर्षांसाठी मोकळा होतो, हे लग्न झालेल्या बायकांना मी सांगायला नको.

अशा वेळी फोनवर विशाखा मॅडम भेटल्या. 'पत्त्यांतून कर्म, कर्मातून विकास' असा त्यांचा सात दिवसांचा वर्ग होता. पत्ते म्हणजे आपले खेळायचेच, बदाम, इस्पिक, किलवर, चौकट. वर्षातल्या प्रत्येक तारखेला मॅडमांनी तक्त्यात एक पत्ता नेमून दिला होता. ज्या तारखेला तुम्ही जन्मलात तो तुमचा जन्मपत्ता. मागच्या जन्माचं काय उरलंय आणि या जन्मी कुठं वाढायचंय, ते तो सांगतो. आता मी रोज पीएच मीटर तपासणारी बाई. आकडा दोनदा मोजल्याशिवाय सही करत नाही. पण मोजणारी माणसंच अशा गोष्टींत लवकर सापडतात, कारण तक्ता दिसला की आम्हाला बरं वाटतं.

दहा फेब्रुवारी, म्हणजे मी: इस्पिकची दुर्री. 'मागच्याची वाट मोकळी झाल्याशिवाय पुढं सरकत नाही.' सात एप्रिल, म्हणजे बकुळ: इस्पिकचा एक्का. 'आल्या आल्या सगळ्यांना कामाला लावणारा आत्मा.' इथं माझा पूर्ण विश्वास बसला.

पत्त्यांचा कॅट नवा हवा, त्याला परका हात लागता कामा नये आणि तो रेशमात गुंडाळून ठेवावा, असा नियम होता. मी लग्नातल्या हिमरू ओढणीचा एक तुकडा कापला. सासूबाईंनी ते पाहिलं. त्यांच्या मांडीवर बकुळ होती.

"काय गं बांधून ठिवलंस? अंगारा हाय का?"

"पत्ते आहेत, आई."

"मंग काढ की. खेळू."

"हे खेळायचे नसतात."

त्यांनी बकुळकडं पाहिलं. "पत्ते, अन् खेळायचे नाय. तुझी माय लई शिकलेली हाय बरं."

मॅडमांनी पाच माणसांचे पत्ते काढून वहीत सराव करायला सांगितला होता. पहिलं गिऱ्हाईक म्हणून मी समोरच्या दारातल्या रत्नमाला काकूंना गाठलं. त्यांची तारीख एक जून. तक्त्यात एक जूनला इस्पिकची तिर्री होती. मी वाचून दाखवलं, "कामाची आणि तब्येतीची चिंता. जिना चढताना एक ठरवतात, उतरताना दुसरं. यांच्यावर दीर्घ जबाबदारी सोपवू नये."

"अगं बाई!" काकू हरखल्या. "जिन्याचं तर किती खरंय! आता ह्यांचं बघ."

ह्यांचं म्हणजे सर्जेराव काकांचं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि आमच्या सोसायटीचे चेअरमन. हर्सूलच्या अलीकडं, जळगाव रोडला लागून आमची सोसायटी आहे. तिथं पाण्याच्या टँकरपासून गणपतीच्या मांडवापर्यंत काकांच्या सहीशिवाय पान हलत नाही. त्यांचीही तारीख एक जून निघाली.

"तिर्री?" काका म्हणाले. "माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती. रमीत तिर्री हातात आली की मी पहिली फेकतो."

"फेकायचंच तर फेका," काकू आतून म्हणाल्या. "जबाबदारी सोपवू नये, हे मी तीस वर्षं सांगतेय. आता पत्त्यानंही सांगितलं."

त्या दिवशी त्यांच्याकडं दुपारचा चहा दोनदा झाला. दोघांनी आपापला केला.

काकूंनी ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि माझ्या चाळीस मिनिटांची वाट लागली. बकुळ झोपली की दारात चपला. कुणाला मुलाच्या लग्नाचं बघायचं होतं, कुणाला गुडघ्याचं. सासूबाई बकुळला खांद्यावर टाकून गच्चीवर निघून जायच्या, कारण पाहुण्यांच्या आवाजानं ती उठायची. मी वही घेऊन बसायची. चार दिवसांत साठीच्या पुढची सव्वीस माणसं झाली. त्यांतल्या एकवीस तिर्र्या निघाल्या. सगळ्या इस्पिकच्या.

क्वालिटीत असा निकाल आला तर आम्ही सगळ्यात आधी नमुन्यावर संशय घेतो. मी वहीत 'योगायोग?' असं लिहून खाली दुहेरी रेघ मारली. रजेवरच्या माणसाची बुद्धीही रजेवर असते.

आणि लोक बोलायला लागले. लिफ्टमध्ये मला पाहून एक आजोबा बायकोला म्हणाले, "ह्याच त्या तिर्रीवाल्या ताई." एमएस्सीला मी विद्यापीठात तिसरी आले होते. तो आकडा असा परत येईल असं वाटलं नव्हतं.

एवढ्यात मी जे करायचं टाळत होते ते केलं. सासूबाई बकुळला घेऊन खाली गेल्या असताना त्यांच्या पेटीतलं आधार कार्ड काढून बघितलं. सरूबाई, जन्मतारीख एक जून. वहीत लिहिलं, 'आई: इस्पिकची तिर्री. सोपवू नये.' लिहून बराच वेळ त्या ओळीकडं पाहत बसले. मग वही बकुळच्या लंगोटांच्या गठ्ठ्याखाली सरकवली, म्हणजे कुणाच्या हाती लागणार नाही. लंगोटांच्या घड्या कोण घालतं, याचा विचार केला नाही.

मेलला उत्तर द्यायला सहा दिवस राहिले होते.

तळमजल्यावर मेहरुन्निसा आपा राहतात. सिल्लोडकडच्या एका उर्दू शाळेच्या हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झाल्या. त्या दिवशी पाण्याचा दिवस होता, म्हणून सगळे पार्किंगमध्ये होते. सर्जेराव काका व्हॉल्व्हपाशी उभं राहून सांगत होते की ते आधार केंद्रात जाऊन आले. तक्त्यात एक जानेवारीला इस्पिकचा राजा होता. तेव्हा आपली तारीख एक जानेवारी करून द्या, असा त्यांनी अर्ज दिला.

"तिथल्या बाईंनी विचारलं, पुरावा? मी म्हणालो, स्वभाव बघा. त्या म्हणाल्या, स्वभाव अपलोड होत नाही."

आपांनी हातातली बादली खाली ठेवली. "ये तिर्री का क्या चक्कर है, कोई मुझे भी बताओ."

मी सांगितलं. एकवीस माणसं, एकच पत्ता. आपा आधी नुसत्या हसल्या, मग त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"अगे सायली, ये सब हम मास्टरों का किया हुआ है, बेटा! जून में बाप बच्चे को पकड़के लाता. पूछो, पैदा कब हुआ? बोलता, ज्वारी कटी तब. अब ज्वारी कटी मैं रजिस्टर में किधर लिखूँ? दाँत गिनती, हाथ सिर के ऊपर से कान को लगाने को बोलती, लग गया तो उम्र पूरी. लिख दिया, एक जून. मेरे कलम से सात-आठसौ बच्चे एक जून को पैदा हुए होंगे. और मेरा खुद का? मेरे मास्टर ने लिखा. एक जून!"

एकवीस माणसांचं मागच्या जन्मापासूनचं कर्म गावोगावच्या मास्तरांच्या दौतीतून आलेलं होतं.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दर एक जूनला ग्रुपवर केकची चित्रं इतकी येतात की फोन अडकतो. पण ती का येतात, हे कधी विचारलं नव्हतं. माझी स्वतःची तारीख दवाखान्याच्या कागदावर, बकुळची तर मिनिटासकट आहे. अकरा बावीस. ज्यांना तारीख असते त्यांना ती नसलेली माणसं दिसत नाहीत.

खरं तर इथं वही मिटायला हवी होती. पण मला वेगळाच आनंद झाला. एक जून खोटी, म्हणजे तिर्री खोटी, म्हणजे 'सोपवू नये' खोटं! आता फक्त सासूबाईंची खरी तारीख शोधायची, चांगला पत्ता निघाला की मेल करायची. एवढं सगळं करण्यापेक्षा त्यांना एक वाक्य विचारणं सोपं होतं. पण सोपं काम मी नेहमीच शेवटी ठेवते.

"आई, तुमची खरी तारीख शोधायची का?" मी विचारलं.

त्या लंगोटांच्या घड्या घालत होत्या. हात थोडा थांबला. "खरी असंल का कुठं?"

"शाळेत बघू. फुलंब्रीला जाऊ."

"चल," त्या म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की मीच गडबडले.

शाळा फुलंब्रीच्या पुढं, त्यांच्या माहेरच्या गावी होती. कारभारी नावाचे क्लार्क होते. सध्या जुन्या नोंदी शोधायला रोज माणसं येतात, त्यामुळं त्यांनी वर न बघताच विचारलं, "जातीची का वारसाची?"

"जन्मतारखेची."

"कशासाठी? पेन्शन? पासपोर्ट?"

मी थोडा विचार करून म्हणाले, "वैयक्तिक विकास."

कारभारींनी आता वर पाहिलं. मग सासूबाईंकडं पाहिलं. "आजी, तुमचा विकास?"

"माझा नाय, हिचा," सासूबाई म्हणाल्या. "माझा झाला तेवढा झाला."

अर्ज लिहून द्या, म्हणाले. लिहिला. आधारची झेरॉक्स जोडा. झेरॉक्सचं दुकान जेवायला बंद. उघडेपर्यंत बकुळनं अर्जाचा कोपरा खाल्ला. नेमका सहीचा. दुसरा अर्ज लिहिला. कारभारी म्हणाले, हेडमास्तर मीटिंगला गेलेत, त्यांच्या सहीशिवाय कपाट उघडता येत नाही. आम्ही बाहेर लिंबाखाली बसलो. बकुळ किरकिरायला लागली. मी तिला तीन गाणी आणि एक बिस्कीट दिलं, त्याचा उपयोग झाला नाही. सासूबाईंनी तिला घेतलं, पदर डोक्यावरून तिच्या तोंडावर ओढला आणि पाठीवर तीन थापा मारल्या. ती झोपली. मी तोवर फोनवर चांगल्या पत्त्यांची यादी बघत होते.

तीन वाजता कपाट उघडलं. रजिस्टरला वाळवीनं दोन्ही बाजूंनी समान न्याय दिला होता. पण नाव मिळालं. सरूबाई. एक जून. त्याच्या वरती भाऊ, रामकिसन. एक जून, साल तेच.

"जुळे होते का?" कारभारींनी विचारलं.

"रामकिसन माझ्याहून तीन वर्सांनी थोरला," सासूबाई म्हणाल्या. "बापानं दोघांना येकाच दिवशी शाळंत घातलं, म्हणून जुळे. आईला बिचारीला कळलंच नाय."

त्या हसल्या, कारभारी हसले, मीही हसले. मग सासूबाईंनी आपल्या नावावर बोट हळूच टेकवलं आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाय मास्तरचं."

परतीच्या बसमध्ये, खिडकीबाहेर बघत, त्यांनी आपणहून सांगितलं, "आई म्हणायची, तू पोळ्याच्या कराची. बैलाच्या शिंगांचा रंग वाळला नव्हता अजून."

पोळ्याचा कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. साल कुठलं? ते ठाऊक नव्हतं. ही माहिती मी घरी येऊन काकूंना सांगितली, ही माझी चूक. सर्जेराव काका जुनी पंचांगं घेऊन हजर झाले. राजा व्हायचं राहिलं होतं, तो सगळा जोर त्यांनी इथं लावला. भावाचं वय, शाळेचं साल, लग्नाचं साल असं मांडून दोन दिवसांनी त्यांनी तीन तारखा काढल्या. तीन तारखांचे तीन पत्ते आले. बदामची अठ्ठी: 'हिच्याकडं काहीही निर्धास्त सोपवा.' किलवरची छक्की: 'हिला आधी विचारा.' चौकटची चव्वी: 'हिच्यावर ओझं टाकाल तर पस्तावाल.'

"तिसरं शास्त्रशुद्ध वाटतं," काका म्हणाले.

मी विशाखा मॅडमांना निरोप पाठवला. त्यांचा आवाज आला, शांत, मधाळ. "ताई, कागदावरची तारीख जर ती व्यक्ती आयुष्यभर जगली असेल, तर तीच तिची. एक जूनच धरा." आणि वर्ग संपल्याचं प्रमाणपत्र. त्यात माझं नाव सायलीऐवजी शायली होतं.

म्हणजे पुन्हा तिर्री. तो दिवस वीस मार्चचा होता आणि दुपारचे दोन वाजले होते. पाचपर्यंत मेल जायला हवी होती.

मी बाहेरच्या खोलीत आले तर जमिनीवर सतरंजी पसरलेली. सासूबाई, रत्नमाला काकू आणि मेहरुन्निसा आपा गोल बसलेल्या, मधे बकुळ. हिमरूचा तुकडा बकुळच्या डोक्याला बांधलेला. आणि माझा कॅट, ज्याला परका हात लागायचा नव्हता, तो आपा पिसत होत्या.

"आई! ते पत्ते..."

"बस," सासूबाई म्हणाल्या. "बदाम सात. चौथा गडी कमी हाय."

मी बसले. पानं वाटली गेली. बदामची सत्ती काकूंकडं होती, त्यांनी टाकली. ज्यांना हा खेळ आठवत नसेल त्यांच्यासाठी, सत्तीपासून वर राजापर्यंत आणि खाली एक्क्यापर्यंत ओळीनं पानं लावत जायची. मधलं एक जरी कुणी अडवलं की पुढची सगळी अडकली. ज्याचा हात आधी रिकामा होईल तो जिंकला.

इस्पिकची सत्ती पडली, छक्की पडली, पंजी, चव्वी पडली. आणि थांबली. माझ्या हातात शेवटचं एकच पान उरलं. इस्पिकची दुर्री.

"पास," मी म्हणाले.

आपांनी किलवर लावलं. काकूंनी बदामाचा राजा लावला. सासूबाईंनी चौकटची दश्शी. मी पास. पुन्हा फेरी, पुन्हा पास. सासूबाई निवांत दुसरी पानं काढत होत्या. सोफ्यावर सर्जेराव काका आले होते, ते खोकून म्हणाले, "तिर्री कुणीतरी दाबून ठेवलीय."

"तुम्ही गप बसा," काकू म्हणाल्या. "तुम्हाला पहिली फेकायची सवय."

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांच्या हातात दोन पानं होती. त्यांनी चौकटचा गुलाम लावला. एक उरलं.

"पास," मी म्हणाले. आवाज जरा बारीक झाला होता.

आपांनी चौकटची राणी लावली, काकूंनी राजा. सासूबाईंची पाळी आली. त्या पान हातात धरून बसल्या. बकुळकडं बघत म्हणाल्या, "सायली, म्या दोनच यत्ता शिकले. पण वाचायला येतं मला."

माझे कान तापले. लंगोटांचा गठ्ठा डोळ्यांसमोर आला, आणि त्याखालची वही, आणि वहीतली ती ओळ, स्वच्छ अक्षरात.

"आई, ते..."

"तिर्री तर तिर्री. मास्तरनं लिवलं, तू बी लिवलं. म्या नाय कुठं म्हणते?" त्या म्हणाल्या. "पर येवढ्या लांब फुलंब्रीला नेलंस, काकाला पंचांग बघाय लावलंस, मॅडमला इचारलंस. मला नाय इचारलं."

मी दुर्रीकडं पाहत राहिले. एमएस्सी, क्वालिटी, आठ वर्षांची नोकरी. सगळ्यात सोपं काम अजून तसंच पडलेलं होतं.

"आई," मी म्हणाले, "मी कामावर गेले तर बकुळला सांभाळाल?"

"आता कोण सांभाळतंय?" त्या म्हणाल्या आणि तिर्री खाली ठेवली. "जा. लाव तुझं पान."

मी दुर्री लावली. हात रिकामा झाला. नियमानं माझ्याआधी सासूबाई जिंकल्या होत्या, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आपा म्हणत होत्या, "अब एक्का किधर है? मेरे पास तो नहीं."

काकूंकडंही नव्हता. सासूबाईंचा हात तर रिकामाच. काका सोफ्याखाली वाकून बघायला लागले. मी फोन घेतला, मेल उघडली, 'एक एप्रिलपासून रुजू होत आहे' असं लिहिलं, एकदाच वाचलं आणि पाठवून दिली.

"सापडला," सासूबाई म्हणाल्या.

बकुळ डोक्याला हिमरू बांधून शांत बसली होती. इस्पिकचा एक्का तिच्या तोंडात होता, अर्ध्यापर्यंत. सासूबाईंनी तो हळूच काढला, पदराला पुसला आणि दुर्रीच्या खाली नीट लावला. एका कोपऱ्यावर दोन दातांचे ठसे होते. तेवढेच दात होते तिला.